चौघांनी मारलेला माणूस

१

काळी हार्ड डिस्क हरवलीय हे कळायला पंधरा दिवस लागले. कळलं तेव्हा सहादू पगारे अंगणात आरसा टेकवून दाढी करत बसला होता.

"काका, एक विचारू? चिडू नका," सार्थक फाटकातूनच म्हणाला. "ती डिस्क चुकून तुमच्या पिशवीत तर नाही ना आली?"

सहादू तेहेतीस वर्षं पोलिसात होता, त्यातली शेवटची अकरा देवळाली कॅम्पात हवालदार म्हणून गेली. हा प्रश्न त्यानं असाच गोड आवाजात शेकड्यांनी लोकांना विचारला होता. स्वतःला कोणी विचारायची ही पहिलीच खेप. साबण तोंडावर तसाच ठेवून त्यानं पोराला खुर्ची ओढून दिली. पोर कसलं, तिशी ओलांडलेला बाप्या. पण सिन्नरच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून सिनेमा काढायला निघालेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं?

सिनेमाचं नाव 'चौघांनी मारलेला माणूस'. एक खडूस घरमालक बेसनाचा लाडू घशात अडकून आपला आपणच मरतो, पण त्याच्या चार भाडेकरूंना वाटतं, हा आपल्याच हातून गेला. मग चौघंही एकमेकांना चुकवून तेच मयत नाशिकभर फिरवत राहतात. ते मयत म्हणजे सहादू. तीन पोरींची लग्नं लावलेला, पेन्शन खाणारा माणूस बारा दिवस तोंडाला पांढरं फासून पडून होता. "आयुष्यभर ड्युटीवर झोपलात, त्याचं चीज झालं," असं त्याची बायको सुलाबाई सगळ्या गल्लीला सांगत फिरली.

"नीट सांग," सहादू म्हणाला. "दोन डिस्का होत्या ना?"

"निळी आहे. पहिल्या नऊ दिवसांचं काम निळीत. शेवटच्या तीन दिवसांचं काळीत, आणि तिची दुसरी प्रत निघायची राहून गेली. कॅमेऱ्याची कार्डं भाड्याची होती, ती पुसून परत गेली." सार्थकनं मान खाली घातली. "काका, खंडेरावकाकांचं सगळं काम शेवटच्या तीन दिवसांतलं होतं."

सहादूनं वस्तरा खाली ठेवला.

खंडेराव बोडके, एसटीतला निवृत्त कंडक्टर आणि नाशिकच्या हौशी रंगभूमीवर चाळीस वर्षं वावरलेला नट. सहादूचा जिवाभावाचा मित्र. शूटिंग संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच तो गेला. इतकं काम केलेल्या माणसाचं कधी कोणी चित्रीकरण म्हणून केलं नव्हतं. जे काय होतं ते त्या काळ्या डिस्कमध्ये.

"मी कुसामावशींना तेराव्याला शब्द देऊन बसलोय," सार्थक म्हणाला. "रविवारी येतायत माझ्याकडे. काकांचं काम बघायला."

आणि तो दिवस होता गुरुवार.

"शेवटच्या दिवशी संध्याकाळी शूटिंगच्या बंगल्यावर कोण कोण होतं?"

"आपण सहाच जण. बाकीचे जेवून गेले होते."

"त्यातला एक वारला. राहिले पाच." सहादूनं टॉवेलनं तोंड पुसलं. दाढी अर्धीच झाली होती. "आणि त्यातला एक मी."

२

चौकशीला निघण्याआधी तो खंडेरावाच्या बायकोकडे, कुसाबाईकडे जाऊन आला. काही सांगायला नव्हे, नुसतं बसायला.

खंडेरावाचं सामान खोलीच्या कोपऱ्यात अजून तसंच होतं. एसटीची खाकी पिशवी, नाटकाच्या वह्या, चष्म्याचं घर. मेकअपच्या सामानाची रंगपेटी तेवढी नव्हती, ती त्याच्याबरोबर सरणावर गेली होती. तिसऱ्या दिवशी राख सावडताना सहादू होता. हाडांमध्ये पेटीचे कडी-कोयंडे सापडले, आणि एक वाकलेली, चकचकीत चकतीही सापडली, मधोमध भोक असलेली. "पेटीचा आरसा असेल," असं खंडेरावाचा मुलगा सोमनाथ म्हणाला, आणि ते सगळं अस्थींबरोबर रामकुंडात गेलं.

कुसाबाईनं रविवारसाठी लुगडं इस्त्रीला दिलं होतं. तेच ती घडी मोडून पुन्हा घालत होती.

"मी त्यांचं एक बी नाटक बघितलं नाय, भाऊजी," ती म्हणाली. "ठावं हाय ना तुमाला?"

सहादूला माहीत होतं. थोरल्या लेकीच्या, भाग्यश्रीच्या वेळी, म्हणजे पहिल्या बाळंतपणात, कुसाबाईला कळा सुरू झाल्या आणि खंडेराव पेटी उचलून मनमाडला प्रयोगाला गेला. परत आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, कानामागं रंग तसाच. त्या दिवशी तिनं सांगून टाकलं, तुमच्या नाटकाच्या दारात मी पाय ठेवणार नाही. बाई शब्दाची पक्की निघाली. दर प्रयोगाला खंडेराव पहिल्या रांगेत तिच्यासाठी एक खुर्ची राखायचा आणि ती खुर्ची चाळीस वर्षं रिकामी राहिली. खंडेराव तरी काय, एकदा नीट माफी मागून टाकायची, तर ते त्याच्याच्यानं झालं नाही.

"आता वाटतं, कशाला येवढा राग धरला. गेले अन् मंग कळलं." तिनं लुगडं मांडीवर ठेवलं. "तुमी व्हते ना तिथं? कसं काम केलं त्यांनी?"

सिनेमात एका प्रसंगात खंडेराव मयताचं डोकं मांडीवर घेऊन सात मिनिटं एकटाच बोलतो. त्या मांडीवर सहादूच होता.

"वहिनी, मी मेलेला होतो," सहादू म्हणाला. "डोळे मिटलेले होते."

"हां. ते बी खरंच," ती म्हणाली. "आता रविवारी बघीनच की मी."

तिथून सहादू उठला तो थेट इंदिरानगरला स्नेहलकडे गेला. मयताचं काम करण्याचा एक फायदा असतो. लोक मयतापुढे फार मोकळं बोलतात. त्या बारा दिवसांत त्याच्या अंगावरून पुष्कळ काही बोललं गेलं होतं, आणि स्नेहलचं एक वाक्य त्याला चांगलं आठवत होतं. कॅमेरा बंद असताना ती फोनवर कोणाला तरी म्हणाली होती, "ही डिस्क हरवली ना, तर मी खंडोबाला नारळ फोडेन."

३

स्नेहल सार्थकची सहायक. डिस्का सांभाळणं तिचंच काम. तिनं सहादूला पाहिलं, आणि काही विचारायच्या आतच रडायला सुरुवात केली.

"मी बॅगेत ठेवली होती काका. शपथ."

"कुठल्या बॅगेत?"

"निळ्या."

"तुझी बॅग तर लाल होती. माझ्या पोटावर ठेवायचीस तू ती, दोन शॉटच्या मधे."

मग खरं बाहेर आलं. ठरलेली नटी ऐन वेळी आली नाही म्हणून स्नेहललाच एक काम करावं लागलं होतं. घरमालकाची ठेवलेली बाई, दारू पिऊन मयतापुढे नाचते ती. इकडे तिचं लग्न विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या घरात ठरत होतं. तिकडच्या मंडळींना, मुलगी कॉम्प्युटरचं काम करते, एवढंच सांगितलेलं. तो नाच काळ्या डिस्कमध्ये होता.

"मैत्रिणीला म्हटलं होतं मी, हरवली तर बरं. पण नेली नाही काका. मी ती पाटावरून उचललीच नाही."

"का? तुझंच काम होतं ना ते?"

"पूजा मांडलेली होती ना."

सहादूला आठवलं. शूटिंग संपल्यावर खंडेरावानं नारळ फोडला होता. प्रत्येक खेळाच्या शेवटी तो आपल्या रंगपेटीची पूजा करायचा. त्या दिवशी पाटावर पेटी होती, शेजारी कॅमेरा, आणि स्नेहलनं हौसेनं काळी डिस्कही मांडली होती. हळद-कुंकू, अक्षता, सुपारीचा गणपती. सहादू बुद्धवंदनेपलीकडे कशात पडत नसे, म्हणून पूजा सुरू होताच तो मोरीत गेला होता, तोंडाचा पांढरा रंग तेलानं काढत.

"मांडलेली पूजा हलवल्याशिवाय काही उचलायचं नसतं," स्नेहल नाक पुसत म्हणाली. "कॅमेरा शेखरदादांनी लगेच उचलला, तर खंडेरावकाका केवढे रागावले. मग माझी काही हिंमत झाली नाही. म्हटलं, पूजा हलली की सार्थक घेईल. मी आणि सार्थक लाइट टेंपोत भरून निघून गेलो."

"आणि सार्थकला वाटलं, तू घेतलीस."

ती पुन्हा रडायला लागली. सहादूचा तिच्यावर विश्वास बसला होता. सराईत खोटं बोलणारा माणूस बॅगेचा रंग तरी नीट लक्षात ठेवतो.

"आम्ही निघालो तेव्हा शेखरदादा परत आत चालले होते," ती मागून म्हणाली.

४

शेखर सिन्नरला राहायचा. लग्नाच्या शूटिंगची कामं घेणारा, हात चांगला, तोंड तिखट. सार्थकचं आणि त्याचं शेवटच्या दिवशी कडाक्याचं वाजलं होतं, तेही सहादूच्या छातीच्या दोन्ही बाजूंना उभं राहून. कॅमेरामन म्हणून आपलं नाव पाटीवर एकट्याचं यावं असं शेखरचं म्हणणं, आणि सार्थक स्वतःचंही जोडायला निघाला होता.

"परत कशाला गेला होतास आत?" सहादूनं बसल्या बसल्या विचारलं.

शेखरनं आधी बुटांकडे बघितलं, मग छताकडे. "डिस्क घ्यायलाच गेलो होतो. लपवत नाही. दोन दिवसांत कॉपी मारून परत देणार होतो. खंडूकाकांचा तो सात मिनिटांचा शॉट मी एका दमात घेतलाय, हवालदार. कट नाही. आयुष्यात पुन्हा तसं घडायचं नाही माझ्या हातून. माझं नाव नाही आलं तरी माझ्याकडे असावा म्हटलं."

"मग घेतलीस?"

"नव्हतीच तिथं. पाट मोकळा होता. मला वाटलं, स्नेहल घेऊन गेली."

"मोकळा म्हणजे? काय काय राहिलं होतं पाटावर?"

"काहीच नाही. पुसून ठेवलेला."

"अक्षता?"

"नाही."

"सुपारी? खाली सांडलेले तांदूळ?"

शेखर वैतागला. "सांगतो काय मग! एक दाणा नव्हता. तुम्ही डिस्क शोधताय का तांदूळ?"

सिन्नरहून परतताना शेअर जीपमध्ये सहादू त्या तांदळाचाच विचार करत होता. चोरी करणारा माणूस वस्तू उचलतो आणि सुटतो. खाली वाकून तांदळाचा दाणा न् दाणा तो वेचत बसत नाही. ते करतो पूजा हलवणारा. अक्षता आणि सुपारी पायदळी येऊ नयेत म्हणून गोळा करणारा. त्या बंगल्यात हे करणारा एकच माणूस होता, आणि तो पंधरा दिवसांपूर्वी गेला होता.

म्हणजे डिस्क खंडेरावानं उचलली होती. पण कोपऱ्यातली त्याची खाकी पिशवी तर सहादूनं काल डोळ्यांनी बघितली होती. चपटी, रिकामी.

त्या संध्याकाळी खंडेराव घरी गेला कसा? बस तर त्यानं पकडली नव्हती, कारण सहादू बसथांब्यावर एकटाच उभा होता.

५

उज्ज्वला मॅडमनं दार अर्धंच उघडलं. त्या एका शाळेत शिकवायच्या आणि यंदा मुख्याध्यापिका होण्याची त्यांना आशा होती. सिनेमात त्या मयताच्या कानशिलात दोन लगावतात. अठ्ठावीस वेळा पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं होतं ते, सहादूचा गाल दोन दिवस सुजला होता.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझी आजारपणाची रजा होती."

"खंडेरावांना स्कूटरवरून तुम्ही सोडलं."

त्यांनी जिन्यात डोकावून बघितलं. "कोणी बघितलं?"

"कोणी नाही. दुसरं कोणी उरत नव्हतं."

"सोडलं. थकले होते फार. मी म्हटलं, बसची वाट कशाला बघता." त्या चौकटीला टेकल्या. "तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं मी त्यांना. घामानं भिजले होते. पण दवाखान्यात नाव लागेल, कोणीतरी बघेल, शाळेत कळेल, असलं काहीतरी डोक्यात होतं माझ्या. सकाळी फोन आला तेव्हापासून मला झोप नाही हो."

सहादूनं त्यांना रडू दिलं. या कामात तो मुरलेला होता, पण आज त्याला या प्रत्येक घरात नकोसं झालं होतं.

"त्यांच्या हातात काय होतं?" त्यानं शेवटी विचारलं.

"रंगपेटी. मांडीवर धरली होती. नेहमी कडी लावलेली असायची ना, त्या दिवशी झाकण बसतच नव्हतं. पाटावरच्या लाल कापडात गुंडाळून गाठ मारली होती त्यांनी. म्हणाले, आत सार्थकचा जीव ठेवलाय, उद्या सकाळी पोचता करतो."

सहादू जिना उतरला आणि खालच्या पायरीवरच बसला.

लाल कापडाची ती गाठ त्यानं हातात धरली होती. अमरधामात, दुपारी एक वाजता. खंडेरावाला सरणावर ठेवलं, कुसाबाई हट्टानं बरोबर आली होती. सोमनाथ अग्नी द्यायला निघाला आणि सहादू पुढं झाला. आयुष्यात कधी कोणाच्या विधीत तो मधे पडला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. "पेटी त्याच्या उशाशी द्या," तो म्हणाला. "तिच्याशिवाय तो कुठं गेला नाही." कुसाबाईनं लगेच मान हलवली. आणि सहादूनं स्वतःच्या हातानं पेटी लाकडांवर ठेवली. त्याला ती जड लागली होती. तेहेतीस वर्षं लोकांच्या पिशव्या उचकल्या त्यानं, मेलेल्यांच्या खिशातले कागद काढले, आणि एक गाठ सोडून बघितली नाही.

तरीही खात्री करायची म्हणून तो सार्थककडे गेला. "एखादी बिघडलेली डिस्क आहे का? उघड."

सार्थकनं स्क्रू काढून झाकण उचललं. आत चकचकीत गोल चकती होती. मधोमध भोक. आरशाला भोक नसतं, हे सहादूला राख सावडतानाच सुचायला हवं होतं.

त्यानं सगळं सांगितलं. सार्थक भिंतीला पाठ लावून खाली बसला. मग म्हणाला, "मावशींना सांगू नका, काका. निळ्या डिस्कमध्ये एके ठिकाणी ते चहा घेऊन मागून जाताना दिसतात, त्या दिवशी नुसते बघायला आले होते. तेवढं दाखवू. बाकीचं खराब झालं म्हणू. त्यांना काय कळणार आहे?"

सहादूला ते पटलं. खरं तर फारच पटलं. त्यात त्याचं स्वतःचं नाव कुठं येत नव्हतं.

६

शनिवारी सकाळी तो कुसाबाईच्या दारात उभा राहिला. घरून निघाला तो चहावाल्या शॉटची गोष्ट मनात घोकत. पण दारातल्या दोरीवर ते इस्त्री केलेलं लुगडं हँगरला लावून टांगलेलं दिसलं, आणि घोकलेलं सगळं गेलं.

"वहिनी, खंडेरावाचं काम तुम्हाला बघायला मिळणार नाही," तो म्हणाला. "ते पेटीत होतं."

त्यानं काही वगळलं नाही. पूजा, तांदूळ, स्कूटर, लाल गाठ, चकती. पंचनामा लिहायचा तसं क्रमानं सांगत गेला, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ते त्याला सांगता आलं नसतं. कुसाबाई जात्याशी बसावं तशी एक पाय लांब करून बसली होती.

"पेटी द्या असं मी म्हटलं. माझ्या हातानं ठेवली मी ती," सहादू म्हणाला. "एकदा उघडून बघायला पाहिजे होती. दुसऱ्या कोणाची असती तर बघितली असती. त्याची म्हणून नाही बघितली. चुकलं माझं वहिनी, आणि आता ते दुरुस्त करता येत नाही."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. पलीकडच्या घरात कोणीतरी मिक्सर लावला.

"तुमी नसतं म्हनलं ना भाऊजी," कुसाबाई म्हणाली, "तरी मीच म्हननार व्हते."

सहादूनं वर बघितलं.

"मला ती घरात नको व्हती. पोरीच्या टायमाला कळा देत पडले मी, अन् ते ती पेटी उचलून चालते झाले. त्या दिवसापास्नं मी तिचं तोंड बघत नव्हते. कोनाड्यात असायची, तर तिथला केर बी मी काढत नव्हते. तुमी म्हनले उशाशी द्या, अन् मला वाटलं, बरं झालं, मला बोलावं लागलं नाय." तिचा आवाज चढला नाही की पडला नाही. "समदे रडत व्हते. मी बी रडत व्हते. पन ती पेटी पेटली तवा मनातून बरं वाटलं मला, भाऊजी. खोटं कशाला बोलू. त्यांचं सरण जळतंय, अन् मी मनात म्हनते, गेली एकदाची."

सहादूच्या सगळ्या नोकरीत इतका सरळ कबुलीजबाब त्याला कोणी दिला नव्हता.

कुसाबाई भिंतीचा आधार घेत उठली. दोरीवरून लुगडं काढलं, हँगर वेगळा केला आणि ते आत घेऊन गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बंद केल्याचा मात्र बराच वेळ आला नाही, आणि सहादू तिथंच बसून राहिला.